गॅलरीत ठेवलेली बशी

आमच्या भागात विजेची सुट्टी शुक्रवारी असायची. अंबरनाथचे कारखाने, उल्हासनगरची वर्कशॉप्स, सगळं त्या दिवशी गप्प. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या ज्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी एम.एस्सी. करता करता काम करायचे, तीही बंद असायची. लॅब म्हणजे खाली चेन-बटणांचं दुकान आणि वर दोन खोल्या. मालक एक वयस्कर सिंधी डॉक्टर. गुरुवारी संध्याकाळी ते स्वतः मेन स्विच खाली ओढायचे आणि शनिवारी सकाळी स्वतःच वर करायचे. दुसऱ्या कुणी त्याला हात लावलेला त्यांना खपत नसे.

"शुक्रवारला कशाला येते बेटा? लाइट नाय, इन्क्युबेटर थंडा. जंतू पण छुट्टी पे," असं ते म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. मीही हसायचे. गुरुवारी नवीन कल्चर लावायचं नाही, हा तिथला अलिखित नियम होता.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. माझा प्रोजेक्ट लघवीतल्या जंतूंवर होता. मी हे सांगितलं की आई पदर नाकाला लावायची. "एवढं शिकून शेवटी मुतातच हात," असं तिने एकदा शेजारणीला सांगितलेलं मी ऐकलं होतं. माझा पारा तेव्हाही लवकर चढायचा. दोन दिवस मी आईशी बोलले नव्हते.

ताई मात्र नीट विचारायची. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिला मी सांगितलं होतं, आपल्या आतड्यात राहणारा एक साधा जंतू असतो, तो कधी कधी लघवीच्या वाटेने वर चढतो. बहुतेक वेळा लघवीबरोबर वाहून जातो. पण काहींच्या अंगावर अतिशय बारीक केस असतात, आमच्या लॅबच्या सूक्ष्मदर्शकातूनही न दिसणारे. त्या केसांच्या टोकाने तो आपल्या पेशींवरची एक विशिष्ट साखर धरतो आणि लोंढा आला तरी जागचा हलत नाही. किडनीच्या पेशींवर ती साखर असते, आणि गंमत म्हणजे आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशींवरही असते. म्हणून किडनी न उघडता तपास करता येतो. काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, त्यात जंतू मिसळायचे आणि पट्टी हलकेच डोलवायची. केसवाला जंतू असेल तर रक्तात नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या होतात. नसेल तर थेंब गुळगुळीत राहतो.

"म्हणजे रक्ताला विचारायचं, की बाई, तुला कुणी धरलंय का?" ताई म्हणाली होती.

कॉलेजात माझ्या प्रोजेक्टवर देखरेख करणाऱ्या मॅडमनी दोन वर्षांत हे इतक्या थोडक्यात सांगितलं नव्हतं.

ताई बदलापूर गावात दिलेली. तिथल्याच एका लहानशा शाळेत शिकवायची. शाळा कुणाच्या तरी घराच्या माडीवर भरायची आणि बायकांसाठी संडास नव्हता. पोरं मागच्या शेतात जायची, गुरुजी भिंतीआड जायचे. शिकवणाऱ्या तीन बाया सकाळी सातला घरून निघायच्या त्या पाणी न पिता. अर्धा कप चहा, बस्स. दुपारी एक वाजता घरी पोचल्यावर तांब्या तोंडाला लावायच्या. तिघीही हे इतक्या सहज सांगायच्या, की जणू शाळेची वेळ सांगतायत. ताईला अधूनमधून लघवीला जळजळ व्हायची. मग गोळ्या. पाच दिवसांच्या दिल्या की ती तीन दिवस घ्यायची. जळजळ थांबली की उरलेल्या गोळ्या कपाटात ठेवायची, पुढच्या वेळेसाठी, नाहीतर शाळेतल्या दुसऱ्या बाईंसाठी. मी ओरडायचे. ती म्हणायची, "हो गं डॉक्टरीणबाई."

लग्नाला चार वर्षं होऊनही मूल नव्हतं. त्या चार वर्षांत ताईने काय काय ऐकलं ते तिने आम्हाला कधी सांगितलं नाही, पण प्रत्येक सणाला ती अंबरनाथला थोडी लवकर यायला आणि थोडी उशिरा परत जायला लागली होती. म्हणून तिला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा आमच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये बाबांनी, ज्यांनी कधी स्वतःचा चहासुद्धा केला नव्हता, त्यांनी शिरा केला. तो खाली लागला होता. आम्ही सगळ्यांनी खाल्ला.

सातव्या महिन्यात ताई माहेरी आली. जानेवारी होता. रविवारी डोहाळजेवण ठरलं होतं. हिरवी साडी आणली होती, फुलांची वाडी सांगून झाली होती, बदलापूरहून तिच्या सासरची मंडळी येणार होती. चार वर्षं ज्यांनी टोमणे मारले त्याच बायका आता ओटी भरायला येणार, याचा आईला जो आनंद झाला होता तो मला नीट समजत होता. खरं सांगायचं तर मलाही तो झाला होता.

बुधवारी ताईला बारीक ताप आला आणि उजवीकडे कमरेच्या वर दुखायला लागलं. गुरुवारी सकाळी मी तिला तिच्या बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी पाठीवर बोटांनी ठोकून पाहिलं, ताई कळवळली. त्या म्हणाल्या, "किडनीपर्यंत गेलं असावं असं मला वाटतंय. नक्की सांगता येत नाही. पण उद्याच मोठ्या हॉस्पिटलात दाखल व्हा, शिरेतून औषध द्यावं लागेल. आठ-दहा दिवस लागतील." तोपर्यंत घ्यायला गोळ्या लिहून दिल्या.

रिक्षा घराच्या कोपऱ्यावर आल्यावर ताई म्हणाली, "सोमवारी गेले तर?"

"मला काय विचारतेस?"

"मग कुणाला विचारू? तू हेच शिकतेस ना? नक्की सांगता येत नाही असं त्या म्हणाल्या. तुझ्या त्या काचेवर कळेल की. धरणारा आहे की नाही, एवढं बघून सांग. धरणारा असेल तर उद्या जाते. नसेल तर सोमवारी."

घरात तोपर्यंत मला कुणी काही विचारलेलं नव्हतं. मी धाकटी. सगळे साडीचा रंग ताईला विचारायचे, आंबोळ्यांच्या पिठात मीठ किती तेही ताईला. आणि आज ताई मला विचारत होती. मी छाती फुगवून म्हणाले, "शनिवारी सांगते. आज लावलं तरी उगवायला वेळ लागतो." शुक्रवार असाच गेला तर काय, हा विचार मनात आला आणि ताप बारीकच आहे म्हणून मी तो बाजूला सारला.

तिचा नमुना घेऊन मी लॅबमध्ये गेले आणि नियम मोडून गुरुवारी दुपारी कल्चर लावलं. पेट्री डिश म्हणजे झाकणाची काचेची चपटी बशी, तिच्यात जंतूंना खायला घातलेला जेलीसारखा थर. त्यावर तारेने रेघा ओढल्या. संध्याकाळी डॉक्टरांनी मेन स्विच खाली ओढला. मी बशी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि शेअर रिक्षाने घरी आणली. थंड इन्क्युबेटरमध्ये ठेवण्यापेक्षा घर बरं, असं मला वाटलं.

आमच्या ओट्याच्या कोपऱ्यात, शेगडीच्या मागे, एक जागा होती. थंडीच्या दिवसांत आई विरजणाचं भांडं तिथे ठेवायची, जुन्या लोकरी शालीत गुंडाळून. नाहीतर दही लागत नाही, हे तिला कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. मी बशी त्या शालीत खुपसायला गेले.

"ते काय आहे?"

"ताईचं. तपासायचंय."

"मुताचं ताट माझ्या दह्याशेजारी? काढ आधी! गॅलरीत ठेव. घरात नको."

मी वाद घालू शकले असते. एरवी मी कशावरूनही वाद घालायचे, चहात साखर जास्त झाली म्हणूनसुद्धा. त्या दिवशी दमले होते, आणि आतून थोडी तोऱ्यातही होते. आईला काय समजावायचं, असं वाटलं. बशी गॅलरीत, चपलांच्या फळीवर ठेवून दिली. तिथे समोरच्या डोंगरावरचं वारं सरळ यायचं.

शुक्रवारी दुपारभर ताई आतल्या खोलीत माझ्या शेजारी पडून होती. अंग गरमच होतं. रविवारी गजरे कुणाला किती द्यायचे ते ती मला सांगत होती आणि मधेच माझा हात घेऊन पोटावर ठेवत होती, कारण बाळ लाथ मारत होतं. गॅलरी तिथून चार पावलांवर होती.

शनिवारी सकाळी बशीत बारीक, फिकट ठिपके उगवलेले दिसले. उशिरा का होईना, उगवले. लॅबमध्ये जाऊन मी माझ्याच बोटाला सुई टोचली, रक्त धुऊन घेतलं, पट्टीवर थेंब ठेवला, ठिपका मिसळला आणि डोलवला. थेंब गुळगुळीत राहिला. पुन्हा केलं. गुळगुळीत. प्रत्येक बशी सदतीस अंशांवरच वाढवायची, हा मॅडमचा नियम मला पाठ होता. पण तो नियम म्हणजे परीक्षेच्या कागदावर समास सोडण्यासारखा, नुसत्या शिस्तीचा, असा माझा समज होता. बशी एक दिवस उबेत ठेवून मग पाहायचं तर रविवार उजाडला असता.

घरी येऊन मी दारातूनच सांगितलं, "धरणारा नाहीये. सोमवारी गेलीस तरी चालेल."

ताईने डोळे मिटले आणि हुश्श केलं. मग मला जवळ ओढून गालावरून हात फिरवला. आई देवापाशी दिवा लावायला गेली.

रविवार छान झाला. ताई हिरव्या साडीत, फुलांच्या वाडीत बसली. गोळीने ताप उतरला होता. तिच्या सासूबाईंनी सगळ्यांसमोर तिची अलाबला घेतली. त्या दिवसाचा एक फोटो आहे. त्यात ताई हसतेय आणि एक हात कमरेमागे आहे, दुखणाऱ्या जागेवर दाबलेला. फोटो काढताना तो हात मला दिसला होता.

सोमवारी पहाटे तिला थंडी भरली. चार पांघरुणं घातली तरी खाट हलत होती. टॅक्सीने मुंबईला नेईपर्यंत ती बरळायला लागली होती. जंतू रक्तात गेले होते. संध्याकाळी बाळ झालं, मुलगी. ती सहा तास जगली. भावोजींनी तिला पाहिलं, मी पाहिलं. ताई शुद्धीवर नव्हती. ताई वाचली, तिला पुढे तीन आठवडे तिथे राहावं लागलं आणि डॉक्टरांनी सांगितलं की उजवी किडनी गेल्यात जमा आहे, डावीवर लक्ष ठेवावं लागेल.

तेव्हा मला वाटलं, दुर्दैव. न धरणारा जंतूही कधी कधी वर चढत असेल. मी रडले, पण स्वच्छ मनाने रडले. ते रडणं मला परत कधी मिळालं नाही.

एप्रिलमध्ये मॅडम माझी वही तपासत होत्या. रकान्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "या एका नमुन्याचं तापमान लिहिलेलं नाही."

"तो शुक्रवार होता, मॅडम. घरी ठेवला होता. गॅलरीत."

त्यांनी चष्मा काढला. "गॅलरीत? जानेवारीत? अगं, मग त्याला केस येतीलच कसे?"

त्यांना तो नमुना कुणाचा ते माहीत नव्हतं. त्यांनी मला अगदी शांतपणे समजावलं. केस बनवण्याची जनुकं त्या जंतूत कायमच असतात, पण ती कायम चालू नसतात. बाहेर, गारठ्यात, गटारात त्याला केसांचा काही उपयोग नाही. बनवायला कष्ट, आणि धरायला समोर कुणी नाही. म्हणून तो ती जनुकं बंद ठेवतो. माणसाच्या अंगाची ऊब लागली, की आपण कुठे आलो ते त्याला कळतं, जनुकं उघडतात आणि केस उगवतात. थंडीत वाढवलेल्या जंतूच्या पिढ्याच्या पिढ्या बोडक्या निघतात. तोच जंतू, तीच जनुकं.

हे नेमकं घडतं कसं, ते पुढे नव्वदनंतर मी वाचत गेले. थंडीत एक प्रथिन त्या जनुकांवर ठाण मांडून बसतं आणि वाचूच देत नाही, उबेत ते बाजूला सरतं. आणि उबेतसुद्धा सगळ्यांना केस येत नाहीत. एकाच पेशीच्या दोन लेकींपैकी एक केसवाली निघू शकते, दुसरी बोडकी. ते वाचताना मला जंतूचं कौतुक वाटायचं आणि कौतुक वाटल्याची लाज वाटायची.

त्या बशीतले जंतू मी छोट्या बाटलीतल्या जेलीत राखून ठेवले होते. त्याच आठवड्यात, सोमवारी, वीज चालू असताना, मी ते नव्या बशीत लावले आणि ती सदतीस अंशांवर ठेवली. मंगळवारी बोटाला सुई टोचली. पट्टी दोनदा डोलवायच्या आत थेंबात गुठळ्या झाल्या. माझं रक्त. ताईचा जंतू. मी पट्टी हातात धरून बसून राहिले. डॉक्टर मागून आले, खांद्यावरून बघून म्हणाले, "वा, क्या पकड है! मस्त रिझल्ट आला बेटा." मी वही उघडली आणि तापमानाच्या रकान्यात सदतीस लिहिलं.

मी हे कुणालाही सांगितलं नाही. एम.एस्सी. झाले, नोकरीला लागले, लग्न केलं नाही. ताई शाळेत परत गेली आणि आता बाटली घेऊन जायची, शेजारच्या घरी संडासाला जायची परवानगी तिने भांडून मिळवली होती. मूल पुन्हा झालं नाही. नव्वदचं दशक अर्धं सरलं तेव्हा डावी किडनीही थकली. डॉक्टर म्हणाले, दोन्ही किडन्या मुळातच कमजोर असाव्यात, एकाच आजारपणाने असं होत नाही. मला कुणीतरी सुटकेचं पत्र हातात द्यावं तसं ते बोलणं होतं. मी ते बरेच दिवस उघडून उघडून वाचलं. पण त्यावर सही करणाऱ्याला गॅलरीतली बशी माहीत नव्हती, म्हणून ते मला कधी पटलं नाही.

डायलिसिसला आठवड्यातून दोनदा मी तिच्याबरोबर जायचे. चार तास. रक्त यंत्रातून फिरून येताना तिला थंडी वाजायची, म्हणून आम्ही आईची ती जुनी लोकरी शाल न्यायचो. एकदा मी ती तिच्या पायांवर घालत होते आणि हात थांबले. मग मी तिला सगळं सांगितलं. शुक्रवार, शाल, गॅलरी, चपलांची फळी, गुळगुळीत थेंब आणि मग गुठळ्या. सात वर्षं साठवलेलं होतं, सांगायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

ताई छताकडे बघत होती. नळीतून तिचं रक्त जात होतं आणि येत होतं. मला वाटलं, आता ती मला जायला सांगेल, आणि तिने सांगावं असंही वाटलं.

"म्हणजे फक्त ऊब हवी होती," ती म्हणाली.

"हो."

"मग माझ्याजवळ द्यायचीस की ती बशी. तापलेलीच होते मी. दिवसभर तुझ्या शेजारी पडले होते. पोटाशी धरून ठेवली असती."

ती हे चिडून म्हणाली नाही. ती खरोखरच त्या दुपारचा विचार करत होती, कसं जमलं असतं त्याचा. मी तोंडात पदराचा बोळा कोंबला. शेजारच्या खाटेवरचे आजोबा आमच्याकडे बघायला लागले.

थोड्या वेळाने तिने माझं मनगट धरलं. "आईला सांगू नकोस हं. तिने ती बाहेर ठेवायला लावली, हे तिला कळता कामा नये. माझी शपथ."

त्यानंतर ताई दोन वर्षं होती. त्या रविवारचा विषय तिने परत काढला नाही. मला डॉक्टरीणबाई म्हणणंही तिने सोडलं नाही.

ती गेली त्या वर्षीच्या थंडीत मी अंबरनाथला होते. आईने संध्याकाळी दूध कोमट केलं, विरजण लावलं, भांडं ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलं आणि ताईच्या पायांवरची ती शाल आणून त्याच्याभोवती नीट गुंडाळली. कडा आत खोचल्या, ताईला पांघरूण घालायची तशाच. मी बघतेय हे तिच्या लक्षात आलं.

"मऊ आहे गं," ती म्हणाली, जणू मी जाब विचारला होता. "आणि उबेशिवाय लागत नाही. तुला नाही कळायचं ते."

"नाही," मी म्हणाले.